गाळा नंबर एफ-सत्तावीस

अंबडला शनिवारी मशिनांना सुटी,
म्हणून शनिवार आमचा.
जुनैदच्या मामांचा गाळा. शटर अर्धंच वर करायचं,
लोखंडाच्या चुऱ्यावरून चपला घासत आत शिरायचं,
लेथवर ताडपत्री, ताडपत्रीवर अ‍ॅम्प.
कूलंटचा वास गाण्यांत इतका मुरलाय
की घरी हेडफोन लावला तरी नाकाला येतो.

एलिशा गाते. शरणपूरच्या चर्चमध्ये शिकली
शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला.
आमच्याकडे पहिलाच बाक रिकामा असतो.
गिटार जुनैद कोकणी, उधारीही त्याचीच.
ड्रमवर वाल्मीक. लग्नसराईत तो मिळत नाही,
पळशाच्या पथकात ढोल वाजवतो,
एका वरातीचे त्याला जेवढे सुटतात
तेवढे आम्हा चौघांना मिळून वर्षात सुटत नाहीत.
मी बेस.
आई विचारते, तुझं नेमकं कुठलं वाजतं रे त्यात?
मी म्हणतो, जे काढलं की कळतं, ते.
मग काढून दाखव, म्हणते.

या गावात नोटा छापतात,
नाशिकरोडला, तारांच्या कुंपणाआड.
त्यावर आमचा एक विनोद होता.
आता कोणी करत नाही.

जानेवारीत धरणाकडच्या वायनरीत बोलावलं.
दुपारी साडेतीनला, टळटळीत उन्हात,
पोस्टरवर आमचं नाव पनीरवाल्याच्या खाली.
मानधन चार कूपन.
एलिशा पीत नाही, जुनैद पीत नाही,
वाल्मीकला द्राक्षाचं फक्त द्राक्ष आवडतं.
समोर मोजून अकरा माणसं,
त्यातली दोन खुर्च्या मांडणारी.

तिसऱ्या गाण्यात, एलिशा जिथे श्वास घेते
नेमका तिथेच जनरेटर गेला.
गिटार मेली. बेस मेला, ते कुणाला कळलं नाही.
एलिशाचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.
उरला वाल्मीक. त्याला वीज लागत नाही.
चार आवर्तनं तो आमच्या चालीत राहिला,
मग त्याचे हात घरी गेले.

आणि माणसं आली. टेस्टिंगच्या खोलीतून, पार्किंगमधून,
खुर्च्या टाकून ते दोघे,
एक आजोबा चष्मा खिशात ठेवून नाचले,
एका बाईनं वाल्मीकवरून वीसची नोट ओवाळून उडवली.
इथलीच छापलेली असणार.

वीज आली तेव्हा
आमचं गाणं पुन्हा धरायला कुणाला तोंड नव्हतं.

छोट्या हत्तीतून परतताना एलिशा म्हणाली,
हेच करायचं तर माझी गरज काय.
वाल्मीक म्हणाला, मी केलं नाही, झालं.
जुनैद सातपूरपर्यंत स्नेअर मांडीवर धरून गप्प.
ती वीसची नोट त्र्यंबक रोडवर उडून गेली,
कोणी गाडी थांबव म्हणालं नाही.

तीन शनिवार एलिशा आली नाही.
चौथ्याला आली ती मधलं कडवंच खोडून.
तिथे आता काही नाही, नुसता ड्रम.
इथे मी श्वास घेते, ती वाल्मीकला म्हणाली,
तू तोवर घरी जाऊन ये.
तो हसला नाही. स्टूल बोटभर खाली घेतलं.

परवा रेकॉर्डिंग करताना देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता.
टेकमध्ये तीन धडाके आलेत, तिन्ही बेताल.
ठेवायचे की काढायचे, अजून ठरत नाही.

आणि हो,
गाळ्याचे वॉचमन कचरूभाऊ
टाकी भरताना काहीतरी गुणगुणत होते.
मी नळ बंद करून ऐकलं.
एलिशाची ओळ नव्हती, जुनैदचं काही नव्हतं.
बेस होता.
शेवटी एक स्वर चुकलेला, एक घर वर.
मी काही बोललो नाही, नळ सोडला.

हल्ली त्या जागी मीही एक घर वर जातो.
जुनैद दर वेळी मान वळवून बघतो.